वाचून दाखविला, बरोबर आहे

त्या प्रकरणाची आठवण आली नाही असा महिना जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी लोक विचारतात, "साहेब, अभिमान वाटावा अशी केस कोणती?" तेव्हा मी एका हिसकावलेल्या यंत्राची केस सांगतो. सांगताना माझी मान थोडी खालीही जाते. असं का, ते आज लिहून टाकतो. नाव कुणाचंच घेणार नाही. स्वतःच्या चुकीवर मात्र पांघरूण घालणार नाही.

मी तेव्हा मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दुसऱ्या दिवशी हद्दीत मंत्र्यांचा कार्यक्रम असल्याने सगळं ठाणं बंदोबस्ताच्या याद्या करण्यात गुंतलं होतं. अशा सकाळी साडेदहाच्या सुमारास एक तिशीची बाई आली. हातात पांढरी काठी, सोबत म्हातारी आई. बाई जन्मापासून अंध होती. घाटकोपरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करायची आणि रोज बसने एकटी जायची-यायची.

तिच्या गळ्यातलं यंत्र बसच्या वाटेवरच्या सिग्नलपाशी कुणीतरी हिसकावून नेलं होतं. यंत्र म्हणजे काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, तिला छोटा कॅमेरा. बटणं नाहीत, सगळा कारभार बोलून. 'समोर काय आहे?' विचारलं की ते कानात सांगायचं, 'तीन पावलांवर खड्डा, डावीकडून जा.' ते फक्त तिचाच आवाज ओळखायचं. शिवाय वाटेतल्या खुणा तिने स्वतःच्या आवाजात त्यात भरून ठेवल्या होत्या. मेट्रोच्या कामाचं पत्र्याचं कुंपण कुठे संपतं, रसवंतीचे घुंगरू कुठे ऐकू येतात, असं सगळं. यंत्राला तिने नाव ठेवलं होतं बाळू.

"साहेबानू, आमचो बाळू गावतलो मां?" आई रडत विचारत होती. ठाणे अंमलदाराला आधी वाटलं, नातू हरवला.

बाई रडत नव्हती. ती म्हणाली, "साहेब, सहा महिने मी एकटी कामाला जाते. बाळू मिळाला नाही तर भाऊ म्हणतो, मी सोडायला येईन. त्याची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते. म्हणजे महिन्याभरात नोकरी सुटणार आणि मी परत खिडकीत बसणार. पंधरा वर्षं बसलेय तिथे. खरंच पुरे झालं."

मी जबाब लिहायला घेतला. सवयीने विचारलं, "चोर दिसायला कसा होता?"

"दिसला नाही, साहेब. पण सांगते ना. तो माणूस..."

"राहू द्या ताई," मी म्हणालो. "वेळ आणि ठिकाण सांगा."

तिने पुन्हा सुरुवात केली, "त्याचा हात..." तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. फोनवर बोलता बोलता मी लिहिलं: 'फिर्यादी अंध असल्याने अज्ञात आरोपीचे वर्णन सांगू शकत नाही.' आणि खाली, प्रत्येक जबाबाच्या शेवटी असतं ते वाक्य: 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'

वाचून दाखवला नव्हता. ठाण्यात हे वाक्य हातातून आपोआप उतरतं. फिर्यादी स्वतः नजर फिरवतो आणि सही करतो, म्हणून आमचं चालून जातं. हिला नजर फिरवता येत नव्हती. तिचं बोट धरून कागदावरची जागा मी दाखवली आणि तिने व्यवस्थित सही केली. नियमाप्रमाणे तिला एक प्रत दिली आणि मी याद्यांकडे वळलो.

बंदोबस्त संपल्यावर गुन्हे प्रकटीकरण पथक कामाला लागलं. वर्णन नाही म्हटल्यावर आम्ही नेहमीचा मार्ग धरला, रेकॉर्डवरचे जुने लोक उचलायचे. पहिलाच उचलला तो एक केळीवाला. तरुणपणी दोनदा पाकीटमारीत सापडलेला, आता सिग्नलपासून जवळच केळीची गाडी लावायचा.

"आठ वर्षं झाली साहेब, सोडून. कोणाला पण विचारा," तो म्हणाला.

"मी तुलाच विचारतोय," असं म्हणून मी त्याच्या कानाखाली मारली.

हे लिहायला नको वाटतं. पण मारली, हे खरं आहे. तो दुपारपर्यंत बाकावर बसून होता. तिकडे रस्त्यावर बेवारस उभी असलेली त्याची गाडी महापालिकेच्या लोकांनी उचलून नेली.

तीनच्या सुमारास ती बाई पुन्हा आली. या वेळी काठीचा आवाज दारापासून माझ्या टेबलापर्यंत सरळ आला. तिने प्रत पुढे ठेवली.

"शेजारच्या मैत्रिणीने ही मला वाचून दाखवली. साहेब, वर्णन सांगू शकत नाही असं मी कधी म्हणाले?"

मी प्रत उचलून ते वाक्य शोधलं.

"आणि वाचून दाखवला, बरोबर आहे, असंही लिहिलंय. तुम्ही कधी वाचलात?"

खोलीत पाच-सहा माणसं होती. महिला हवालदार टायपिंग थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "ताई, आम्ही एका संशयिताला आणलंय."

"बोलू दे त्याला."

केळीवाला म्हणाला, "बाई, मी तुम्हाला रोज बघतो. हात नाही लावला कधी, आईशप्पथ."

तिने मान हलवली. "हा नाही. हा माझ्याएवढाच उंच आहे. त्या चोराचा आवाज माझ्या डोक्यावरून यायचा. भाऊ, जरा माझं कोपर धरा."

केळीवाल्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"धर रे, धर," हवालदार बाई म्हणाल्या. "आता साहेब नाही मारणार."

त्याने धरलं. ती म्हणाली, "पाचही बोटं आहेत. त्याला करंगळी नव्हती. सोडा यांना."

मग हवालदार बाईंनी पुरवणी जबाब लिहिला आणि मी समोर बसून ऐकला. तो माणूस तीन दिवस तिला सिग्नल ओलांडून देत होता. प्रेमाने, "या मॅडम, या," म्हणत. चौथ्या दिवशी पलीकडे पोचल्यावर त्याच हाताने त्याने यंत्राची दोरी तोडली. उजव्या हाताला करंगळी नाही. पायात बूट, डावा पाय घासत चालतो. कपड्यांना थिनरचा वास, म्हणजे रंगाचं काम. चाळिशीच्या आतबाहेर, कारण चढावर धाप लागते पण आवाज तरुण. डोळे असलेल्या फिर्यादींनी मला इतकं चांगलं वर्णन क्वचितच दिलं असेल. 'उंच, सावळा, शर्ट-पँट', एवढ्यावर ते संपतं.

जबाब संपायच्या आत बाकावरून आवाज आला. "साहेब, बोलू का?"

केळीवाला अजून गेला नव्हता.

"करंगळी नाही आणि पाय घासतो, तो गॅरेजमधला पेंटर आहे ना. रोज दोन केळी घेतो माझ्याकडून, डाव्या हाताने. उजवा खिशात असतो कायम, पैसे काढतानाच दिसतो." मग म्हणाला, "हे मला सकाळी सांगितलं असतंत ना, सकाळीच बोललो असतो."

ज्याला मी मारलं, त्यानेच मला खबर दिली. पगारी खबरी असतात, नाराज भागीदार असतात, पण अशी खबर नोकरीत पुन्हा मिळाली नाही.

तासाभरात पेंटर ठाण्यात होता. सराईत नव्हता, पण गोड बोलायचा. "मी तर आंधळ्यांना रस्ता पार करून देतो, साहेब. पुण्याचं काम आहे." पंचांसमक्ष गॅरेजची झडती घेतली तेव्हा रंगाच्या रिकाम्या डब्यात, चिंध्यांत गुंडाळलेलं यंत्र मिळालं. तरी तो डगमगला नाही. "माझंच आहे. रस्त्यावर घेतलं एकाकडून. बिघडलंय, बोलतच नाही माझ्याशी."

"तुझ्याशी कशाला बोलेल?" हवालदार बाई म्हणाल्या. "त्याला माणसं कळतात."

बाईला बोलावलं. पंच समोर होते. यंत्र चार्ज करून टेबलावर ठेवलं, कानातली वायर काढली की ते मोठ्याने बोलायचं. ती वाकून म्हणाली, "बाळू, सिग्नलच्या खुणा सांग."

आणि तिचाच आवाज खोलीत उमटला. "पत्र्याचं कुंपण संपलं. रसवंतीचे घुंगरू, इथून अकरा पावलं. पुढे फुटपाथचा कठडा तुटलाय." मग थोडी खरखर आणि पुढची खूण: "सिग्नलला एक दादा असतात. करंगळी नाही, पाय घासून चालतात. भला माणूस आहे. हाक मारली की येतात." त्या बोलण्याच्या मागे गाड्यांच्या गोंगाटात दुसरा आवाज स्पष्ट होता. "या मॅडम, या."

पेंटर खाली बघत राहिला. त्याला भला माणूस म्हणून कुणी नोंदवून ठेवलं असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नसावं. मग म्हणाला, "पहिले तीन दिवस खरंच मदत करायचो. मग वाटलं महागातला मोबाईल असेल."

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. मी जे वर्णन 'सांगू शकत नाही' म्हणून लिहिलं होतं, ते चोरी व्हायच्या आधीच तिने तिच्या आवाजात नोंदवून ठेवलं होतं.

पंचनामा झाला. मी सहीसाठी कागद सरकवला. तिने हात पुढे केला नाही.

"वाचून दाखवा, साहेब."

मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने. एका ठिकाणी तिने अडवलं. "नऊ नाही, अकरा पावलं." मी दुरुस्त केलं, बाजूला सही केली आणि पुढे वाचलं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, मागे टायपिंगचा आवाज थांबला होता.

यंत्र आता मुद्देमाल झालं होतं. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते देता येत नाही, आणि एरवी अशा वस्तू कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात. दुसऱ्या दिवशी मी स्वतः अहवाल घेऊन न्यायालयात उभा राहिलो. परत करण्याचा आदेश मिळवून, खटल्यात लागेल तेव्हा हजर करीन अशा बंधपत्रावर यंत्र तिच्या हातात दिलं. तिचे फक्त सहा दिवस बुडाले. सातव्या दिवशी ती एकटी घाटकोपरला निघाली तेव्हा काळजीपोटी मी साध्या कपड्यांत थोडं अंतर ठेवून मागे चाललो. रसवंतीपाशी ती थांबली.

"साहेब, तुमचे बूट करकरतात. सोबत यायचं तर शेजारी या. नाहीतर घरी जा."

मी घरी गेलो. म्हणजे आधी केळीवाल्याकडे गेलो. त्याची गाडी मी महापालिकेच्या गोदामातून सोडवून आणली होती. ती लावून तो उभा होता, गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "माझं चुकलं. तुला मारायला नको होतं."

तो केळी पुसत राहिला. "ठीक आहे, साहेब." एवढंच. आजही भेटतो, नमस्कार करतो, पण माझ्याकडे सरळ बघत नाही. ते फेडायचं माझ्या हातात राहिलेलं नाही.

खटल्यात आरोपीच्या वकिलांनी माझाच कागद माझ्यासमोर धरला. "फिर्यादी वर्णन सांगू शकत नाही, असं यात लिहिलं आहे. मग नंतर वर्णन आलं कुठून?" प्रश्न योग्य होता. 'गडबडीत राहून गेलं' म्हणता आलं असतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून मी म्हणालो, "ते वाक्य फिर्यादीचं नाही, माझं आहे. त्यांनी वर्णन सांगायला सुरुवात केली होती, मी ऐकलं नाही. जबाब वाचूनही दाखवला नव्हता." न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि शब्दन्‌शब्द नोंदवून घेतला. आरोपीला शिक्षा झाली. माझी खात्यात चौकशी झाली आणि सेवापुस्तिकेत ठपका आला. त्या पुस्तिकेत बक्षिसंही बरीच आहेत. स्वेच्छानिवृत्ती घेताना ती शेवटची चाळली तेव्हा त्या ठपक्याच्या पानावर मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. खोटं बोलून तो टाळला नाही, एवढं समाधान आहे.

या प्रकरणाने मला शिकवलं ते साधं आहे. समोरच्याला काय सांगता येणार नाही, हे आम्ही त्याने तोंड उघडायच्या आधीच ठरवून टाकतो. त्यानंतर माझ्या टेबलावरून एकही जबाब वाचून दाखवल्याशिवाय गेला नाही. सहकारी चेष्टा करायचे, "साहेबांचं कीर्तन सुरू झालं." हळूहळू तेही वाचू लागले. मला अभिमान आहे तो याचा.

निकालानंतर ती बंधपत्र रद्द करून घ्यायला ठाण्यात आली. कागद तयार झाले, मी वाचून दाखवले, तिने सही केली. मी दारापर्यंत सोडायला गेलो. उंबरठ्यावर ती थांबली, गळ्यातली डबी तोंडाजवळ धरली आणि म्हणाली, "बाळू, खूण ठेव. पोलीस ठाणं. दोन पायऱ्या, मग उंबरठा. आत उजवीकडे तिसरं टेबल. इथे वाचून दाखवतात."