हळदीची अस्सल गाणी

आई गेली त्या दिवशी लोकसाहित्याचे प्राध्यापक भेटायला आले. चाकणजवळच्या आमच्या घरी ते वर्षभर तिची हळदीची गाणी रेकॉर्ड करत होते. प्रत्येक वाक्यात ‘अस्सल’ म्हणायचे आणि स्वतः बोलताना माईक जवळ ओढायचे. आईच्या गाण्यात कंपनीत पर्मनंट झालेला नवरदेव आला, की हात वर करून तिला थांबवायचे.

“काकू, कंपनी नको. अस्सल म्हणा.”

“आवं सर, नवरा कंपनीतच हाय की!”

या गाण्यांवर त्यांना परदेशातली फेलोशिप मिळाली होती. मी आईचं रेकॉर्डिंग मागितलं. ते अभिमानाने म्हणाले, “देतो ना. कंपनीची गाणी तेवढी पुसून टाकलीत.”

तेवढीच तिने स्वतः रचली होती. आता तिच्या आवाजात गावातली कुणीही बाई म्हणते तीच गाणी उरलीत.