एका चेष्टेचं भाषांतर

लष्करातल्या नवऱ्यामागे फिरत फिरत जयपूरला आले, तोवर पुण्यात शिकलेलं माझं फ्रेंच ट्रंकेच्या तळाशी गेलं होतं. ते बाहेर काढलं एका म्हाताऱ्या फ्रेंच दिग्दर्शकाने. त्याच्या विनोदी चित्रपटांचा महोत्सव होता आणि त्याचं बोलणं हिंदीत सांगायला माझ्याशिवाय कुणी मिळेना म्हणे. मी हुरळले, खोटं कशाला बोलू.

गाडीतच त्याने मला सगळं आयुष्य सांगून टाकलं. बापाचं मटणाचं दुकान होतं; तिथल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत हा वाढला आणि पुढे त्याच नकला पडद्यावर आणल्या. लोक पोट धरधरून हसले, समीक्षकांनी नाकं मुरडली. आता समीक्षक त्याला थोर म्हणतात आणि थिएटरात कुणी हसत नाही.

"आदर रोज मिळतो," तो म्हणाला. "आज मला एक हशा हवाय."

सभागृहात त्याला साफा बांधला. तो कानांवरून घसरला, तर याने मुद्दाम आणखी नाकापर्यंत ओढला. कुणी हसलं नाही. साफा म्हणजे मान, त्याला कोण हसणार? मग त्याने राखून ठेवलेलं वाक्य टाकलं: माझं अख्खं आयुष्य म्हणजे एक चेष्टा. मी खणखणीत हिंदीत सांगितलं, "इनका पूरा जीवन एक चेष्टा रहा." सभागृह गंभीर झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला.

माझी लेक पहिल्या रांगेत होती. तिचं मराठी मी रोज सुधारते. ती पुढे येऊन कुजबुजली, "आई, हिंदीत चेष्टा मतलब कोशिश. तू काय बोलली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला सांगितलं, आमच्याकडे चेष्टा म्हणजे टिंगल, इथे प्रयत्न. तुमच्या विनोदाचं मी तत्त्वज्ञान केलं. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, हेच सांगा त्यांना, आत्ताच्या आत्ता. माझ्याच फजितीचं मी हिंदी केलं आणि असा हशा पिकला की विचारू नका.

तो माझ्याकडे वाकला. "कुणाला हसतायत?"

"तुम्हाला," मी म्हणाले. फ्रेंचमध्ये माझी चूक होत नाही.

खूश होऊन तो प्रेक्षकांपुढे कमरेत वाकला, तसा साफा सुटून माझ्या पायांवर पडला. सभागृह पुन्हा हसलं. या वेळी मला काहीच सांगावं लागलं नाही.