बेबीनंदानं कानानं टाइप केलेली चौदा पानं

जाफराबादचे अप्पाराव जालन्याच्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायचे. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, किती उगवले ते मोजायचं आणि रजिस्टरात पिकाचं लॅटिन नाव लिहायचं. त्या नावांचा नाद लागून त्यांनी वीस वर्षांत स्वतःची एक भाषा रचली. लॅटिनची लेक, असं ते म्हणत. लिपी इंग्रजीचीच, पण लिहिण्याचे नियम मराठीच्या वळणाचे: एका आवाजाला एकच अक्षर, मुकं अक्षर एकही नाही. 'के' म्हणजे कायम क, 'सी' म्हणजे कायम च. 'क्यू'ला रजा. सेमा म्हणजे बी, पोर्ता म्हणजे दार.

१९९८ साली इटलीतल्या एका छोट्या मासिकानं अशा रचलेल्या भाषांचे नियम मागवले, त्याच भाषेत लिहिलेले. अप्पारावांनी चौदा पानांची वही बेबीनंदाच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दिली. शनिवारी तीनच्या एसटीनं टपालाची थैली जालन्याला जायची. ती चुकली की मुदत संपली.

बेबीनंदाची एक सवय गावाला फार आवडायची. तहसीलच्या अर्जांतलं चुकीचं इंग्रजी ती न सांगता दुरुस्त करून द्यायची. शनिवारी दहाला अप्पारावांनी कागद हातात घेतले, तर सेमाचं 'सेम' झालेलं, पोर्ताचं 'पोर्ट'. चौदाही पानं तशीच.

"मला वाटलं तुमचं इंग्रजी लईच कच्चं हाय, काका," ती म्हणाली. "दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसल्ते."

अप्पाराव हसले. ती पुन्हा बसली, पण वहीकडं पाहिलं की बोटं आपोआप दुरुस्तीच करायची. तेव्हा त्यांनी वही स्वतःकडं घेतली. दहा मिनिटांत नियम समजावले आणि सांगितलं, आता मी वाचतो, कानाला येईल तसं मारा.

"आन् चुकलं तर?"

"चुकायला जागाच न्हाई ठेवली, ताई."

दोनला शेवटचं पान निघालं. वहीशी ताडून पाहिलं तर फरक एकाच ठिकाणी, पाचव्या पानावर. कागदावर 'के', वहीत 'क्यू'. रजिस्टरच्या सवयीनं तो अप्पारावांच्याच हातून पडला होता. कोणतं ठेवायचं, तिनं विचारलं.

"तुमचंच," ते म्हणाले, आणि वहीत दुरुस्ती करून पाकीट घेऊन पोस्टाकडं निघाले.