मनाला धक्का लागू नये म्हणून

आमच्या घरी हृदय आलं ते डॉक्टरांच्या तोंडून. तोवर सोलापुरात आम्हा साध्या माणसांना काळीज असायचं, छाती असायची, फार तर जीव असायचा. हृदय फक्त कीर्तनात ऐकू यायचं. माझे यजमान म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. वय अठ्ठेचाळीस. ऐन फाल्गुनातल्या एका दुपारी शाळेच्या जिन्यात छाती धरून खाली बसले आणि चौघांनी त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हृदयाला इजा झाली आहे. तीन महिने अंथरुणातून उठू द्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, मनाला कसलाही धक्का लागता कामा नये."

झालं! आदल्या वर्षी गावात लष्करी कायदा लागून गेला होता, आता मी तो घरात लावला. वर्तमानपत्र बंद. अंगणात धुणं आपटणं बंद. माझ्या दोन्ही मुली चवड्यांवर चालायला शिकल्या. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच पढवून आत सोडायची: आजाराचं बोलायचं नाही, मरणाचं तर नाहीच नाही, शाळेचं नाही, स्वराज्याचं नाही, उन्हाळा फार आहे असंसुद्धा म्हणायचं नाही. आता एवढं वगळल्यावर माणूस बोलणार काय, डोंबल? लोक यायचे, पायथ्याशी बसायचे, "तब्येत छान दिसते की!" म्हणायचे आणि उठायचे. बायका मात्र जाताना स्वयंपाकघरात शिरून पदरानं डोळे पुसायच्या, की मी त्यांना चहा द्यायची.

राहता राहिला यांचा दोस्त. तेलुगू विणकर, घरचे चार माग, बायको केव्हाच वारलेली. रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की काखेत बुद्धिबळाचा पट मारून हजर. मग दोघं ओट्यावर बसायचे आणि वीस वर्षं भांडत असल्यासारखे भांडायचे, कारण वीस वर्षं ते भांडतच होते. तो खेळी परत घ्यायचा, हे चिडायचे, "चोर आहेस तू, चोर!" म्हणून पट उधळायचे, आणि दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आत ओट्यावर जाऊन बसायचे. मनाला धक्का म्हणतात तो हाच, असं मी ठरवून टाकलं. आठवड्यानं तो पट घेऊन आला तेव्हा मी उंबऱ्यातच आडवी उभी राहिले.

"वैनी, बोलत न्हाय मी. नुसता बसतो की," तो म्हणाला.

"भावजी, तुम्ही नुसते बसलात तरी त्यांना चेव येतो. बरे होईपर्यंत येऊ नका. त्यांच्या जिवासाठी सांगते आहे."

जिवाचं नाव काढल्यावर तो बिचारा पट काखेत मारून गेला. दोन दिवसांनी यांनी विचारलं, "तो आला नाही?" आता, मीच हाकलला असं सांगितलं तर धक्का बसणार. म्हणून मी म्हटलं, "बार्शीला गेलेत, लेकीकडे."

"असा अचानक? मला न सांगता?"

"गेलेत म्हटलं ना. येतील की सावकाश."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून वळले. पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही, आणि मलाही सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर हे इतके शांत झाले म्हणता! कशावर चिडणं नाही, आमटीत मीठ कमी म्हणून बोलणं नाही. शेजारणी म्हणायच्या, "रुग्णाला ठेवावं तर असं." मी वरवर नाही नाही म्हणायची आणि आतून फुगायची. पुढं हे जेवायचे थांबले. दाढी करू का विचारलं की "कशाला", खिडकी उघडू का विचारलं की "कशाला". दिवसभर भिंत. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी नळी काढून माझ्याकडे रागानं बघितलं.

"सुधारत होतं की हो हृदय! काय झालं? कसला धक्का बसला यांना?"

"धक्का? अहो, मी वाराही लागू दिला नाही!"

"बाई, मी इतकी वर्षं बघतो आहे. हृदयाचं दुखणं झालं की माणसाचं मन खचतं, आणि मन खचलं की हृदय सावरत नाही. यांना जगायचंच नाहीये. असंच चाललं तर महिनाभर तरी काढतील असं मी सांगू शकत नाही." बाटलीतलं मिक्श्चर बदलून देऊन ते गेले आणि मी चुलीपुढं बसून ढसाढसा रडले. माझं कुंकू माझ्या डोळ्यांदेखत पुसलं जात होतं आणि माझी चूक काय ते मला कळेना.

तेवढ्यात वळसंगची दूधवाली आली. तिला पढवायचं राहूनच गेलं होतं.

"वैनी, येक बोलू का? मास्तरला तुमी समद्यांनी जित्तेपणीच तिरडीवर बांदलंय. कोन भांडत न्हाय, कोन वरडत न्हाय. शेळी कळपातनं काडून बांदली तर चारा सोडती की! आन त्यो दोस्त त्यांचा, रोज कोपऱ्यावरच्या लिंबाखाली बसतोय. मी आले की इचारतोय, मास्तर आज जेवले का."

मी हात पुसले, पदर घेतला आणि तशीच कोपऱ्यावर गेले. भर रस्त्यात परक्या पुरुषाला हाक मारणारी त्या गल्लीतली मी पहिलीच असेन. "भावजी, चला. पट घेऊन चला."

तो खोलीत शिरला. यांनी मान वळवली, बघितलं आणि चेहरा पांढराफटक पडला. हात छातीवर गेला. अगं आई गं! मला वाटलं, संपलं, शेवटचा धक्का मीच दिला. पण हात पुढं आला आणि यांनी त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"आयो! असं का करताय मास्तर?"

"तू आहेस?" आणि हे मोठ्यानं रडायला लागले. सव्वीस वर्षांच्या संसारात मी ते कधी पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, तू गेलास."

माझा संताप झाला. "असं अभद्र कसं वाटलं तुम्हाला? लेकीकडे गेलेत असं मी धडधडीत सांगितलं होतं!"

"म्हणूनच वाटलं," हे म्हणाले. "आई अंथरुणाला खिळलेली असताना मामा वारला. तिच्या मनाला धक्का बसू नये म्हणून मी काय सांगितलं होतं? मामा हैदराबादला मुलाकडे गेलाय. तू शेजारीच उभी होतीस की गं."

"मग मला विचारायचं तरी!"

"तू इतक्या जिवापाड जपत होतीस. विचारलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

म्हणजे दोन महिने हा माणूस जिवंत मित्राचं सुतक पाळत होता, तेही माझं मन राखायला आवाज न करता, आणि मी त्याला शांतता समजून मिरवत होते. दोस्तानं अंथरुणावरच पट मांडला. सहाव्या खेळीला त्यानं आपला हत्ती मागं घेतला. हे "चोर!" म्हणून ओरडले आणि मुली चवड्यांवरून खाली आल्या. पंधरवड्यात सूज उतरली. नवीन मिक्श्चर छान लागू पडलं असं डॉक्टर म्हणाले, आणि मीही हो हो म्हटलं. दसऱ्याला हे शाळेत गेले आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच ओट्यावर भांडले.

पण दोस्त परत आला त्याच आठवड्यातली एक सकाळ. मी यांना दूध देत होते. पेला हातात घेऊन हे थांबले आणि म्हणाले, "आईनं त्यानंतर मामाचं नाव कधी काढलं होतं का गं?"

मी आठवून बघितलं. नव्हतं काढलं. एकदाही नाही. त्याही भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. दीड महिन्यात गेल्या, आणि शेवटपर्यंत त्यांना काही कळू दिलं नाही म्हणून सगळ्या गल्लीनं आम्हा दोघांचं कौतुक केलं होतं.