हिंगणीच्या वर्गातली पाहुणी

उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचनवर्ग घ्यायला मी होकार दिला, तेव्हा घरी कोणाचा विश्वासच बसला नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते, हे वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. शिवाय माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी वाचते, पण सावकाश, ओळीवर बोट ठेवून. ही गोष्ट मी वर्गांआधीच्या प्रशिक्षणातही कोणाला सांगितली नव्हती.

माझ्या वाट्याला देवळीच्या अलीकडचं एक लहान गाव आलं. सकाळी सातला वर्ग भरायचा आणि ऊन चढायच्या आत सुटायचा. गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला बसने देवळीला जावं लागतं. जी मुलं वाचनात मागे राहिली आहेत, त्यांना शाळा उघडायच्या आत वाचतं करायचं, एवढंच माझं काम होतं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आपण सगळे गोलात बसूया का?"

एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "हे ताई टीव्हीतल्या बातम्यावानी बोलते बे."

सगळे हसले. मीही मान खाली घालून हसले.

त्या गोलात चौथी झालेली एक मुलगी होती. वाचायची पाळी आली की तिला तहान लागायची. नाहीतर ती शेजारणीला आधी वाचायला लावायची आणि मग तोच मजकूर घडाघडा म्हणायची. पानसुद्धा बरोबर जागी उलटायची. शाळेतल्या मॅडम चार वर्षं फसल्या असतील, त्यात त्यांचा दोष नाही. मी फसले नाही, कारण लपायचे प्रकार मला माहीत आहेत. एका सकाळी बाकीची मुलं गेल्यावर मी तिला कोणीच न वाचलेलं गोष्टीचं कार्ड दिलं. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"मले पाठ होते ताई," ती शेवटी म्हणाली. "वाचता नाई येत."

"मग पाचवीत?"

"मी नाई जात देवळीले. तिथं सारे हासतीन."

मी तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचत होती, पावसाळ्यातल्या चुलीची तयारी. तिने हात थांबवले नाहीत.

"तिच्यानं नाई होत वं. देवळीले पाठवून हासू करून घ्याचं काय? एक वर्ष राहीन घरी."

एकदा घरी राहिलेली मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जात नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, "मी तिला वाचायला शिकवते. शाळा उघडेपर्यंत थांबा." एवढं ठाम वाक्य मी सहसा बोलत नाही. बोलून बसल्यावर माघार घ्यायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी यायला लागली. पाठ झालेलं पुस्तक आम्ही बंद करून टाकलं. रोज नवं कार्ड घ्यायचं, तेही अर्धंच. अंदाजाने शब्द ठोकला की मी काहीच बोलायचे नाही, नुसती थांबायचे, आणि ती चिडून परत मागे जायची. हळूहळू एक ओळ जमली, मग दोन. तेवढ्यात एके सकाळी तिने सांगितलं, "ताई, मी परवा मामाकडं चालली. हिंगणीले."

"किती दिवस?"

"शाळा उघडेपर्यंत."

मी पुन्हा त्या अंगणात गेले. आई म्हणाली, "आता उन्हाळ्यात मायेरी बी नाई जाऊ काय मी? वर्षातून एकदा तं जातो."

तिथे वाचनवर्ग असेल तर पाठवाल का, एवढंच मी विचारलं. "घेत असतीन तं पाठवतो," ती म्हणाली.

हिंगणीचा वर्ग घेणारी मुलगी मला प्रशिक्षणात भेटली होती. ती इतकी बोलायची की मी चहा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन प्यायले होते. तिचा नंबर ग्रुपवर होता. फोन हातात धरून मी शाळेला एक चक्कर मारली आणि मग लावला.

"एक मुलगी तिकडे मामाकडे येतेय. ती आमच्या शाळेची आहे, तुमच्या यादीत नसणार. तरी बसवाल का?"

"यादी? अवं ताई, हिंगणीचे पोट्टे सारे आपापल्या मामाकडं गेले. माया वर्गात निस्ते पाहुणेच बसून राह्यले! तुमच्या तिथं नाई काय पाहुणे?"

मी मान वर केली. शाळेच्या कुंपणभिंतीवर आठवडाभरापासून अनोळखी मुलं पाय सोडून बसत होती. "सुट्टीत शाळा करून राह्यले बे हे!" असं म्हणून खिदळायची, आणि ती कधी जातील याची वाट बघत मी आवाज बारीक करून शिकवायचे. इकडे वर्ग रिकामा होत चालला म्हणून मी हळहळत होते, तिकडे भिंत भरत होती. मी भिंतीजवळ जाऊन म्हटलं, "आत या." त्यांनी दोनदा सांगायला लावलं नाही.

माझी चौथीवाली मात्र अडून बसली. "तिथं मायी मामेबहीण हाय. ते सटासट वाचते. मी नाई बसत तिच्यासमोर."

"पहिल्या दिवशी मी येते," मी म्हणाले.

ठरलेल्या दिवशी माझ्या वर्गाला सुट्टी देऊन मी वर्ध्याहून पहिली बस धरली. सेलूच्या पुढे डोळे मिटून मी मनात नमस्काराची वाक्यं जुळवत होते. ती कामी आलीच नाहीत.

"आल्या काय ताई!" हिंगणीची ताई शाळेच्या व्हरांड्यातूनच ओरडली. "पोट्टेहो, देवळीकडच्या ताई आल्या. चला, आज पहिले ताई वाचतीन!" आणि तिने कार्ड माझ्या हातात ठेवलं.

अनोळखी मुलांचा एवढा मोठा गोल. दारात माझ्या चौथीवालीची आई, कडेवर धाकटा मुलगा. आणि ती स्वतः मामेबहिणीच्या मागे, अर्धी दिसेल न दिसेल अशी. घसा बसलाय म्हणता आलं असतं. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. मधे एका शब्दाला अडले, मागे गेले, पुन्हा वाचला.

"एवढी मोठी ताई अन् बोटानं वाचते!" मामेबहीण म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "मला मराठी असंच वाचता येतं. घाई केली की चुकतं."

दोघं-तिघं हसलीच. तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग दुसरं कार्ड उचलून मामेबहिणीच्या मागे, तिच्याकडे धरलं. तिने एकदा दाराकडे पाहिलं, मग ते घेतलं.

पहिली ओळ नीट गेली. दुसरीत ती अडली. मामेबहिणीने लगेच शब्द पुरवला.

"थांब न वं," ती म्हणाली. "मी वाचून राह्यली न."

तिने तो शब्द पुन्हा पहिल्या अक्षरापासून धरला आणि सोडवला. माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. हिंगणीची ताईसुद्धा तेवढा वेळ गप्प होती.

परत निघाले तेव्हा तिची आई मुलाला घेऊन बस थांब्यापर्यंत सोबत आली. ऊन चांगलंच चढलं होतं. बस दिसल्यावर तिने विचारलं, "आमच्या गावातून देवळीची बस कितीले सुटते ताई?"

मी सांगितलं.

"मंग तिले लवकर उठवा लागीन," ती म्हणाली.