उतरायची चाल

घोटीच्या नवरात्र महोत्सवातून आमच्या पथकाला बोलावणं आलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो मनोऱ्याचा. मनोरा करायचा का? उत्तर कुणी मोठ्या माणसानं देण्याआधीच माझ्या मुलीनं देऊन टाकलं, "करायचाच!" तिला चौथीत जाऊन चारच महिने झाले होते आणि माणसांच्या त्या मनोऱ्यावर सगळ्यात वर तीच उभी राहायची.

आमचं पथक म्हणजे सुरगाण्याकडच्या एकाच गावची, पण आता नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यांत कामाला असलेली माणसं आणि त्यांच्या बायका. रविवारी कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर पावरी नाचाचा सराव चालायचा. मी स्वतः नाशकात वाढलेली. नाच शिकले ते लग्नानंतर, आणि तेही नवऱ्यानं "तुला नाय जमायचं" म्हटल्यामुळे. अशी वाक्यं ऐकली की मला सगळं जमतं.

पावरी वाजवायचे माझे सासरे. दुधी भोपळ्याचं, टोकाला शिंग लावलेलं आणि मोरपिसांनी सजवलेलं ते वाद्य त्यांच्या छातीवर एखाद्या तान्ह्या पोरासारखं टेकलेलं असायचं. पावरीचा सूर मध्ये तुटू द्यायचा नसतो. तोंडानं फुंकायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास भरून घ्यायचा. आणि नाचणाऱ्यांनी पावरीच्या चालीवर चालायचं. चाल बदलली की पावलं बदलतात, ओळ वळते, कुणी कुणाला "आता" म्हणत नाही.

मनोऱ्याचंही तसंच. एका चालीवर चढायचं, दुसऱ्या चालीवर उतरायचं. खाली खांद्याला खांदा भिडवून चार पुरुष, त्यात एक माझा नवरा. त्यांच्या खांद्यांवर दोघं, आणि त्या दोघांच्या खांद्यांवर आमची पोरगी. खालच्यांची मान वाकलेली असते, त्यांना जमिनीपलीकडे काही दिसत नाही. मधले दोघं एकमेकांना धरून असतात. म्हणून उतरायची चाल वाजल्याशिवाय कुणीही हलायचं नाही, कितीही खाज सुटो नाहीतर पाय भरून येवोत. एकट्यानं हालचाल केली तर सगळेच पडतात.

हे सगळं मला पटायचं, फक्त वर माझी मुलगी असली की पटायचं नाही. त्या आठवड्यात मी सासऱ्यांशी भांडलेच. म्हटलं, "बाबा, तुमचं वय झालंय. पायऱ्या चढताना धाप लागते तुम्हाला. पोरीला वर चढवायचं बंद करा."

"पायऱ्या चढतानी मी पावरी वाजवीत नाय, बाय," ते शांतपणे म्हणाले. "मी वाजवतोय तवर तिला काय होत नाय."

मी दोन दिवस अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

घोटीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात लोंब्यांनी वाकलेलं, गावात शिरताच गिरण्यांच्या कोंड्याचा वास. स्टेज बाजारपेठेच्या टोकाला होतं, चांगलं मोठं. मागे पुढाऱ्याचा स्टेजपेक्षा मोठा फोटो. समोर गर्दी, आणि माइकवर गावातलेच एक गुरुजी निवेदनाला. गुरुजींचा उत्साह दांडगा. आम्ही आत कपडे बदलत होतो तोवर त्यांनी आमच्या नाचाची इतकी स्तुती केली की आता नाच झाला नाही तरी चालेल असं मला वाटलं.

"प्रमुख पाहुणे कुठल्याही क्षणी येतील," ते आम्हाला येऊन सांगून गेले. "आले की तुमच्यातल्या ज्येष्ठ कलावंताचा सत्कार. शाल, श्रीफळ. फोटो पेपरला जाणार."

ज्येष्ठ कलावंत म्हणजे माझे सासरे. त्यांनी काही दाखवलं नाही, पण टोपी काढून झटकली आणि पुन्हा नीट घातली. आयुष्यभर लग्नात, सणात वाजवलं. स्टेजवर नाव घेऊन कुणी शाल घातली नव्हती. मला बरं वाटलं. अबोला तिथेच सुटला, मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी करून दिली.

नाच रंगला. आम्ही बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीत, समोर पुरुष, मधून पावरी घेऊन फिरणारे सासरे. लोक शिट्ट्या मारायला लागले. मग चाल बदलली. ओळीनं स्टेजच्या मागच्या बाजूला अर्धगोल धरला, चौघं मध्ये येऊन भिडले, दोघं चढले आणि बघता बघता माझी पोरगी त्यांच्या पाठीवरून, खांद्यांवरून वर गेली. दोन्ही हात पसरून उभी राहिली. टाळ्या पडल्या. दरवेळी या टाळ्यांच्या वेळी माझा श्वास अडकलेला असतो. तो सुटतो उतरायची चाल वाजल्यावर.

नेमके तेव्हाच पाहुणे आले.

आधी फटाक्यांची माळ वाजली. मग गुरुजींचा आवाज: "आणि ज्या क्षणाची आपण आतुरतेनं वाट पाहत होतो!" फोटोतले पुढारी जिना चढून थेट स्टेजवर. मागे दहाबारा कार्यकर्ते, त्यांच्या मागे मोबाइल आणि कॅमेरे उंच धरलेले लोक. पुढाऱ्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणे. गुरुजींनी लगेच जाहीर करून टाकलं की सत्कार आत्ताच, या नयनरम्य मनोऱ्याच्या साक्षीनं!

मला आधी काही कळलंच नाही. मग दिसलं. ही सगळी माणसं मनोऱ्याच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली होती, कारण फोटोत मागे मनोरा हवा होता. आणि पोरगी उतरायची ती पुढच्याच बाजूला, उडी मारून. तिथे आता टोप्या, हार आणि कॅमेरे होते. सासऱ्यांनी उतरायची चाल वाजवली असती तर ती उडी मारणार होती त्या माणसांच्या डोक्यांवर.

सासरे वाजवत राहिले. चढायचीच चाल, पुन्हा पुन्हा. पुढाऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. कुणीतरी नारळ पुढे केला. घेणार कसा? दोन्ही हात पावरीवर. एक कार्यकर्ता त्यांच्या कानात ओरडला, "ओ बाबा, थांबवा आता! साहेबांकडं बघा!" सासऱ्यांनी मान हलवली. फक्त मान. सूर तुटला नाही.

मी ओरडले, "सरका! पोरगी उतरायचीय!" लाउडस्पीकरवर गुरुजी पुढाऱ्यांची कामं वाचत होते. माझ्या शेजारणीलाही माझं ओरडणं ऐकू गेलं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे गुडघे थरथरायला लागले होते. वर पाहायची हिंमत होत नव्हती आणि पाहिल्याशिवाय राहवत नव्हतं. पोरीनं पसरलेले हात आता खाली घेतले होते. ती रडत नव्हती. टक लावून कुठेतरी बघत होती. सत्काराकडे बघतेय, असं मला वाटलं आणि तिचाही राग आला.

ओळ तोडून त्या माणसांना ढकलून द्यावं म्हणून मी कमरेतला हात सोडवला, तेवढ्यात सासरे चालायला लागले. वाजवत वाजवत, नाचाची पावलं टाकत, उलटे स्टेजच्या डाव्या कोपऱ्याकडे. शाल घसरली. पुढाऱ्यांनी ती उचलली आणि ते मागोमाग गेले. सासरे आणखी मागे. नारळवाला धावला, हारवाला धावला, फोटोवाले मोबाइल उंच धरून त्यांच्या मागे. एक म्हातारा पुढे आणि अख्खा पक्ष शाल घेऊन त्याच्या पाठीमागे! लोक पोट धरून हसत होते. हसणं मलाही आलं असतं, पण माझं पोर वर होतं.

मनोऱ्याच्या पुढची जागा मोकळी झाली. आणि पुढच्याच क्षणी पोरगी खाली वाकली, उडी न मारता मधल्याच्या पाठीवरून सरपटत मागच्या बाजूनं उतरली. वजन गेल्याबरोबर मधल्या दोघांनी उड्या टाकल्या, खालचे चौघं मटकन बसले. मी तिला धरलं. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. कोपऱ्यात सासरे पावरीवर मान टाकून उभे होते आणि शाल पुढाऱ्यांच्याच हातात होती.

पुढं जे व्हायचं ते झालं. पुढारी लालबुंद होऊन जिना उतरले. म्हाताऱ्यानं भर गर्दीत आपली टिंगल केली, असा त्यांचा समज झाला होता आणि तो काढायला कुणी जागेवर नव्हतं. गुरुजींनी माइकवरून "काही कलावंतांना मानसन्मान पेलत नाही" असं म्हणून आमचा दुसरा नाच रद्द केला. मी माइक हिसकवायलाच निघाले होते. नवऱ्यानं दंड धरला.

परतीच्या टेम्पोत मात्र सगळ्यांना कंठ फुटला. ज्याला त्याला सासऱ्यांचं कौतुक. मीही म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. काय नेमक्या वेळी तुम्ही उतरायची चाल धरलीत!"

"मला तर खालूनबी खणखणीत ऐकू आली," नवरा म्हणाला.

"मीबी ऐकली," मधल्यांपैकी एक म्हणाला.

सासरे टेम्पोच्या फळीला टेकून बसले होते. त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली.

"मी वाजवलीच नाय," ते म्हणाले.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तिकडं कोपऱ्यात गेलो आन् दम सरला. सूरबी गेला. उतरायची चाल वाजवायला छातीत वारा नव्हता. मला वाटलं, आता पडली पोर." सून, मुलगा, गावची माणसं, सगळ्यांसमोर ते रडले. लपवलंसुद्धा नाही.

मी मुलीकडे वळले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून जागीच होती.

"मग तू उतरलीस कशी? चाल नसताना?"

"आज्याचे गाल बसले होते," ती म्हणाली. "वाजवताना ते टम्म फुगलेले असतात. आज आत गेले. मग मला कळलं, आता तो वाजवूच नाय शकत. उडी मारली असती तर सगळे हलले असते, म्हणून मागून सरपटले."

इतका वेळ आम्ही सगळे हिला सांभाळत होतो, असा माझा समज होता. भीती मला खरी तेव्हा वाटली, चालत्या टेम्पोत, पोर मांडीवर असताना. मी तिला एवढं घट्ट धरलं की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

सासऱ्यांनी डोळे पुसले. "बाय, तूच खरं बोलत होतीस," ते मला म्हणाले. "हिला आता वर नाय चढवायचं."

मी मान हलवणारच होते. पोरगी ताडकन उठून बसली.

"मग आज्याकडं बघणार कोण? खालच्या कुणालाच तो दिसत नाय!"

पुढच्या रविवारी प्लॉटवर सराव झाला, मनोरा उभा राहिला आणि ती वर चढली. मी ओळीत होते. पण वर पाहिलं नाही. तो अख्खा वेळ मी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.