टूलबॉक्सला कुंकू, बॅटरीला गंज

मंडळी, घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आज सकाळी बाबांना डायलिसिससाठी मानपाड्याहून माजिवड्याला न्यायचं होतं. उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला देतात. बाबा गाडीत बसले, मी चावी फिरवली आणि नुसतं टक् झालं. दोन कॅब कॅन्सल झाल्या.

बॉनेट उघडलं तर बॅटरीवर हिरवट-पांढरा थर, केबल टोकाशी कुजलेली. मी पक्कड घेऊन थेट प्लसची केबल सोडवायला गेलो. पक्कड बॉडीला टेकली आणि मोठी ठिणगी उडाली. बाबा आतून म्हणाले, "अरे, राहू दे."

शेजारचे कांबळेकाका धावत आले. एमआयडीसीत वायरमन होते ते. "आधी मायनस काढायचं रे. आणि केबलच्या टोकाला नवा लग, म्हणजे धातूची कडी, बसवताना पक्कडीने दाबू नकोस, रस्त्यात सुटेल. तो दाबायचं क्रिम्पिंग टूल आहे?"

होतं. दर दसऱ्याला आम्ही पूजा करतो त्या टूलबॉक्समध्ये, लगच्या पाकिटासकट, प्लास्टिकही न काढलेलं.

काकांनी खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुतलं, स्वच्छ तांबं दिसेपर्यंत केबल कापली, नवा लग घट्ट दाबून बसवला. गाडी सुरू झाली. आम्ही पोचलो तेव्हा नर्स पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. थोडक्यात वाचलो.

खरं सांगू? गेल्या दसऱ्यालाही तो पांढरा थर होता. मी त्यावरच कुंकू लावलं आणि बॉनेट बंद केलं.

तुम्ही पूजेशिवाय बॉनेट शेवटचं कधी उघडलंत?